फाशी गेलेला माळी

“मला हाक मारू नकोस. खुनी सापडेपर्यंत तर मुळीच नाही!”

नवऱ्याचं हे वाक्य आठ दिवस वहिनींच्या कानाशी डासासारखं गुणगुणत होतं. वहिनी म्हणजे वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवून देणाऱ्या. अख्खं वाचनालय त्यांना वहिनीच म्हणे. तेवीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं त्यांच्या शिवणीला नुसतं ‘बरी आहे’सुद्धा म्हटलं नव्हतं. आणि आता त्या नामांकित रहस्यकथावाल्या बाईंचा अखंड जप!

“काय डोकं आहे गं बाईंचं! खुनी माळ्याला पुस्तकाच्या मध्यावरच फाशी! वाक्य अर्धं सोडतात, अन् पान उलटलं की भलतंच काहीतरी! केवढं धाडस!”

“अहो, चहा गार झाला.”

“असू दे. बाईंच्या गार चहातसुद्धा विष असतं!”

ते विष घालायचा विचार वहिनींच्या मनात क्षणभर येऊन गेला. मग त्यांनी स्वतःला सावरलं आणि ठरवलं, पुस्तक वाचायचं आणि बाईंचं पितळ चारचौघांत उघडं पाडायचं!

दोन दिवसांत वाचून झालं. पुस्तक वाईट निघावं ही तर मनापासून इच्छा होती, पण इतकं वाईट? फाशी गेलेला माळी पुढच्याच पानावर गुलाबांना पाणी घालत उभा! आणि शेवट? पोलीस अधिकारी म्हणतो, “खुनी तुमच्यापैकीच एक आहे,” की पुस्तक खलास!

रविवारी बाई वाचकांना भेटायला वाचनालयात आल्या. पहिल्या रांगेत नवरा, नवरदेवासारखा इस्त्री करून. वहिनी मागून उठल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “बाई, निराशा झाली हो. मेलेला माणूस पाणी कसा घालतो?”

नवरा शरमून बाईंसाठी चहा आणायला बाहेर पळाला. बाई गोंधळल्या. “पण माळ्याला फाशी होते ती शेवटच्या पानांत!”

ग्रंथपालांनी वाचनालयाचं तेच पुस्तक पुढे केलं. बाईंनी चाळलं. पानांचे आकडेच नव्हते. कडा सारख्या करताना छाटले गेले होते. शेवटची सोळा पानं मधोमध शिवलेली, तीही अशी घट्ट की ओढून निघू नयेत!

“हे शिवलं कुणी?” बाईंनी हळूच विचारलं.

ग्रंथपालांनी चष्मा पुसायला घेतला. वहिनींना आता आठवलं. कव्हर निघालेल्या बारा पुस्तकांचा गठ्ठा, घाईची दुपार. सुईच्या नाकातून आरपार जाता आलं तर बरं, असं त्यांना झालं.

बाई जवळ आल्या, कुजबुजल्या, “माझ्या माळ्याला जरा शांतपणे मरू द्या हो.”

“आजच शेवटी नेऊन ठेवते. वचन देते.”

सभा संपली. नवरा धावतच आला. “अगं, मी बाईंना विचारलं, फाशी मधेच घालायचं सुचलं कसं? हसल्या आणि म्हणाल्या, ‘ते माझं नाही, एका बाईंच्या बोटांची कमाल आहे.’ कोण असेल गं ती? नुसतं दर्शन झालं तरी पुरे! मी ते पुस्तक पुन्हा घरी नेणार!”

वहिनी लाजल्या. तेवीस वर्षांत पहिल्यांदा! तोंडाशी आलेलं ‘मीच हो ती’ त्यांनी कसंबसं गिळलं.

“उद्या न्या,” एवढंच म्हणाल्या, आणि पुस्तक पदराखाली धरून, कात्री शोधत, दुरुस्तीच्या टेबलाकडे निघाल्या.