विषय पाचवा, चहा

वर्गाने चिमणीला विद्यार्थी प्रतिनिधी निवडलं, तेव्हा ती पाण्याची बाटली भरायला गेली होती. परत आली तर टाळ्या चालल्या होत्या. कुणासाठी ते न कळून तीही वाजवायला लागली.

"तूच योग्य आहेस," शेजारच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली. "कधी कुणाला दुखावत नाहीस. मुळात कुणाला ऐकूच जात नाहीस."

खरंच होतं ते. वाऱ्याने दाराला विचारून मगच आत यावं, तसा तिचा आवाज. तिने हाक मारली की समोरच्याला वाटे, आपल्यालाच काहीतरी आठवलं.

पण या वेळी गप्प बसून भागणार नव्हतं. विद्यापीठाची अभ्यासिका संध्याकाळी पाचलाच बंद करायचं घाटत होतं, आणि ते ठरवायच्या सभेत प्रतिनिधी म्हणून तिला बसायचं होतं. घर एका खोलीचं. एका भिंतीला बाबांचं शिलाई मशीन, दुसरीला धाकट्या जुळ्या भावांची कुस्ती. मधल्या वीतभर जागेत चिमणी, आणि महिन्यावर आलेली परीक्षा.

"बोलशील ना गं तिथे?" आईने निघताना विचारलं.

"हो."

"काय?"

"हो म्हटलं!"

"बघ बाई," म्हणत आईने सुस्कारा सोडला.

चिमणी अर्धा तास आधीच पोचली. हेडक्लार्क काकांनी तिच्या हाती एक फाइल ठेवली. वाचता वाचता तिचे डोळे विस्फारले.

"काका, 'विषय चौथा. अभ्यासिका पाचला बंद करण्याच्या निर्णयाचे विद्यार्थी प्रतिनिधीने मनापासून स्वागत केले. टाळ्या.' हे काय?"

"इतिवृत्त. सभेत काय झालं, त्याची नोंद."

"पण सभा तर व्हायचीय!"

"होईल की," काका मायेने म्हणाले. "बावीस वर्षं मी आदल्या दिवशीच लिहून ठेवतो, बाळ. एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही. नंतर लिहायचं म्हटलं, तर लोक बोलतात ते सगळं लिहावं लागतं. मला एका बोटाने टाइप करायला लागतं."

खाली अध्यक्षांची सहीसुद्धा होती. सकाळचीच.

सभा सुरू झाली. अध्यक्ष फाइलमधून वाचत होते आणि सभा मुकाट्याने मागून चालत होती. "प्राध्यापकांनी सखोल चर्चा केली," असं वाचलं की प्राध्यापक माना डोलावत. झाली चर्चा. दाराबाहेर चहावाल्या मावशी किटली घेऊन उभ्या होत्या. विषय पाचवा, चहा.

"विषय चौथा. प्रतिनिधीने स्वागत केले." टाळ्या पडल्या.

"मी नाही केलं," चिमणी म्हणाली. टाळ्यांत ते विरून गेलं.

मग मात्र तिने दुसरा आवाज काढला. घरी मशीन आणि जुळे यांच्या वरताण 'दूध उतू चाललंय!' असं ओरडायचा आवाज.

"मी स्वागत केलेलं नाही!"

एक प्राध्यापक झोपेतून जागे झाले आणि म्हणाले, "अनुमोदन."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "पण इथे तर केलंय."

"ते काकांनी केलंय, सर. मी विरोध करतेय. अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी हवी."

"काका, बदला मग."

"सही झाल्यावर बदलता येत नाही, साहेब. कागदावर ही सभा संपलीय. दुरुस्ती करायची तर पुढच्या सभेत."

"पुढची सभा कधी?"

"तीन महिन्यांनी."

"आणि चहा?" जागे झालेल्या प्राध्यापकांनी विचारलं.

"विषय चौथा मिटल्याशिवाय पाचवा कसा घेणार?" काका म्हणाले. बावीस वर्षांची शिस्त होती ती.

सगळे हळहळत किटलीकडे बघू लागले. मावशी दारातूनच म्हणाल्या, "ही सभा संपलीच आहे ना साहेब? मग पुढची आत्ताच भरवा. माणसं बसलेलीच आहेत."

इतकं मुद्द्याचं त्या खोलीत कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं. पुढची सभा तिथल्या तिथे भरली.

"किती म्हणालात? नऊ? नऊ तर नऊ," अध्यक्ष म्हणाले. "मंजूर. मावशी, या आत."

"साहेब, पाचनंतर तिथे बसणार कोण?" काकांचं बोट हवेत थांबलं. "आपल्याकडे माणूस नाही."

किटली दारातच थबकली. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत चिमणीवर येऊन टेकल्या.

"प्रतिनिधी आहेतच की!" अध्यक्ष म्हणाले. "आवाजही खणखणीत आहे."

काकांनी टाइप केलं, 'प्रतिनिधीने मनापासून स्वागत केले. टाळ्या.' हे वाक्य त्यांच्या बोटाला पाठ होतं.

दुसऱ्या दिवसापासून चिमणी अभ्यासिकेच्या दाराशी किल्ली घेऊन बसू लागली. समोर पुस्तक, डोक्यावर पाटी, 'शांतता राखा'. साठ मुलं माना खाली घालून वाचत होती. कुणी कुजबुजलं की ती नुसती बघायची. ते पुरत होतं.

साडेआठला आईचा फोन आला.

"काय गं, कधीची विचारतेय, त्या सभेत बोललीस की नाही?"

"आई, हळू," चिमणी तोंडावर हात धरून पुटपुटली. "इथे बोलायला बंदी आहे."

"बंदी? कुणी घातली?"

चिमणीने साठ वाकलेल्या मानांकडे बघितलं.

"मी."

"काय?"

पण आता मोठ्याने सांगायची सोय नव्हती.