न पाहिलेल्या नाटकाचे मूल्यमापन

प्रवासात असताना एखादे नवे संगीत नाटक पाहावे की पाहू नये, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. घरी असताना चुकीचे नाटक पाहिले तर फक्त एक संध्याकाळ वाया जाते. प्रवासात तेच केले तर आख्खा प्रवास नासतो, आणि परतल्यावर चारचौघांत ते कबूल करण्याची पाळी येते ती वेगळीच. मी मूल्यमापन खात्यात वरिष्ठ अधिकारी असल्यामुळे असा प्रश्न वाऱ्यावर सोडणे मला शक्य नव्हते.

आमचे खाते काय करते, याविषयी जनतेत फार अज्ञान आहे. पूल, दवाखाने, पाणीपुरवठा वगैरे गोष्टी उपयोगाच्या आहेत की नाहीत, हे आम्ही ठरवतो. आणि तेही जागेवर न जाता. जागेवर गेलेला माणूस भारावून जातो. पुलावरून एकदा चालत पलीकडे गेलेला अधिकारी त्या पुलाविषयी निःपक्षपातीपणे बोलूच शकत नाही. पूल पडला नाही याचाच त्याला आनंद झालेला असतो.

तर आम्ही चौघे त्या शहरात उतरलो होतो. मी, माझी बायको, विमा कंपनीत नोकरीला असलेला तिचा भाऊ आणि माझी आत्या. आत्याने उभा जन्म टेलिफोन खात्यात लोकांचे फोन एकमेकांना जोडून देण्यात घालवला. गुडघ्यांनी आता बंड पुकारले होते आणि डॉक्टरांनी बजावले होते, की हा प्रवास करून घ्या, यापुढे लांबचे जाणे नाही. आत्याने सगळ्या प्रवासात एकच गोष्ट मागितली. आमच्या खोलीच्या खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडेच, नाट्यगृह होते. त्यावर भलीमोठी जाहिरात होती. लाल बूट घातलेली एक बाई पियानोवर उभी राहून गात होती.

"मला हे बघायचंय," आत्या म्हणाली.

"पियानोवर? बुटांसकट?" बायकोने नाक मुरडले.

"बूट काढून उभी राहिली तर घसरेल की गं."

"भावजी, मी एकच विचारतो," मेहुणा म्हणाला. विमावाल्याला सुखातही धोका आधी दिसतो. "समजा, कंटाळवाणं निघालं. तर भरपाई कोण देणार?"

मुद्दा बिनतोड होता. मी ताबडतोब तिघांची समिती नेमली. आत्याला तिच्यात घेता येत नव्हते.

"का रे? बघायचंय मला, आणि मलाच विचारायचं नाही?"

"तुलाच तर नाही विचारायचं, आत्या. तुझा हितसंबंध गुंतलाय. तू मत बनवून बसलीयस."

"मत कुठलं? नुसती इच्छा आहे."

"इच्छा तर मतापेक्षा वाईट."

आत्याने गुडघ्याला मलम लावायला घेतले.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर काम सुरू झाले. शेजारी बसलेल्या जोडप्याने आदल्या दिवशी ते नाटक पाहिले होते. बाई म्हणाल्या, "इतकं हसले आणि इतकं रडले, की यांना माझा हात धरून बाहेर आणावं लागलं." गृहस्थ तोंडात उकडलेले अंडे असताना त्यातली चाल गुणगुणत होते.

समितीने ही साक्ष फेटाळली. ज्याने स्वतःच्या खिशातून तिकीट काढले, तो वाईट कशाला म्हणेल? बायकोने एक शंका काढली, "आणि त्यांनी वाईट म्हटलं असतं तर?" मी तिला समजावले, की मग विश्वास ठेवावाच लागला असता. निंदा करणाऱ्याचा काही स्वार्थ नसतो.

यानंतर मी हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला गाठले. नाटकाच्या वेळेला त्याची नेमकी ड्यूटी असायची, त्यामुळे त्याने ते पाहिलेच नव्हते. इतका निर्मळ साक्षीदार मला खात्यातही क्वचितच मिळतो.

"नाटक कसं आहे?"

"मी बघितलं नाही साहेब."

"म्हणूनच तर तुम्हाला विचारतोय. पहिला अंक संथ आहे का?"

पाहुण्याच्या कुठल्याही बोलण्याला नाही म्हणायचे नाही, हे त्याच्या नोकरीतच होते. "असेल साहेब."

"गाणी लांबतात?"

"लांबत असतील."

"ठीक आहे. चौकशी चालू आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी सवयीने म्हणतो. सरकारी नोकरीत 'येतो' म्हणावे तसे ते आहे.

तिसऱ्या दिवशी मेहुणा मागच्या गल्लीत दाढी करून आला तो धावतच. "भावजी, न्हाव्यानं आपणहून सांगितलं! पहिला अंक संथ आहे. आणि गाणी लांबतात. वरून कुणी बडे साहेब चौकशीला आलेत म्हणे."

मला धन्य वाटले. आमच्या निष्कर्षाला संपूर्णपणे स्वतंत्र अशा दाढीच्या दुकानातून दुजोरा मिळाला होता. शिवाय आणखी कुणी साहेब त्याच कामावर होते. त्यांच्याविषयी न भेटताच मला आदर वाटला.

दुपारी टॅक्सीवाला याच्याही पुढे गेला. "नाटकाचं सोडा हो, तिथलं छत धड नाही. नाहीतर सरकारी माणूस कशाला येईल?" मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. छत हा विषय त्याच्या कंपनीत दार बंद करून बोलला जातो. पाठीमागे बसलेली आत्या म्हणाली, "रात्री मी खिडकीतून बघत होते. लोक धडधाकट बाहेर येत होते." पण तिचे म्हणणे विचारात घेता येत नव्हते. तिने प्रत्यक्ष पाहिले होते.

तरीही अन्याय नको, म्हणून मी स्वतः तिकीट खिडकीपर्यंत गेलो. आत नाही, खिडकीपर्यंतच. दोन दिवसांपूर्वी तिथे रांग असायची. आता खिडकीतली बाई एकटीच हनुवटी तळहातावर टेकवून बसली होती.

"या ना," ती म्हणाली. "आज अर्ध्या दरात देतोय. हवी ती खुर्ची घ्या."

मी एक पाऊल मागे सरलो. चांगल्या मालाला कोण सूट देतो? "छताचं काय म्हणताय?"

"अहो, कोण उठवतंय हे?" ती रडकुंडीला आली. "छत नवं कोरं आहे! गेल्याच वर्षी घातलंय."

नवे घातले, याचा अर्थ जुने पडले असणार. मी हे मनात टिपून घेतले आणि सभ्यपणे निघालो. तिने मागून हाक मारली, "बघून तर जा हो. दोन वर्षं तालमी केल्यात पोरांनी." पण भावनिक आवाहनांना बळी न पडण्याचे प्रशिक्षण आम्हाला सुरुवातीलाच मिळते.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी जाहिरातीवर आडवी पट्टी चिकटवलेली दिसली. आज दुपारी शेवटचा प्रयोग. ज्या नाटकाचे पुढच्या सहा महिन्यांचे प्रयोग ठरलेले होते, ते गाशा गुंडाळत होते. खरे सांगतो, मला समाधान वाटले. आम्ही अभ्यासाने जिथे पोचलो, तिथे वस्तुस्थिती आपण होऊन येऊन मिळाली होती.

जेवणानंतर समितीची अंतिम बैठक झाली. बायकोला एकदम कणव आली. "आत्यांसाठी जाऊया का? एवढं मागितलंय त्यांनी." पण मेहुण्याने बंद पडणाऱ्या नाटकातली जोखीम समजावून सांगितली, आणि सदर नाटक पाहण्यायोग्य नाही असा ठराव एकमताने झाला. तो आत्याला हळुवारपणे सांगायचे माझ्यावर आले. मी आतल्या खोलीत गेलो. मलमाची नळी उघडी पडली होती आणि आत्या नव्हती.

"अहो, इकडे या!" बायको खिडकीतून ओरडली.

खाली आत्या काठी टेकत रस्ता ओलांडत होती. गाड्या तिच्यासाठी थांबल्या होत्या. मी खिडकीतून हाका मारल्या, पण तिने मागे वळून पाहिले नाही. नाट्यगृहाचे दार उघडले, तिला आत घेतले आणि मिटले.

आम्ही तिघे खिडकीत खुर्च्या ओढून बसलो. छताकडे लक्ष ठेवणे मेहुण्याने स्वतःकडे घेतले. थोड्या वेळाने पलीकडून हशा ऐकू आला. मोठा, मोकळा हशा.

"कशाला हसले असतील?" बायकोने विचारले.

मेहुणा काउंटरवर विचारून यायला निघाला, पण अर्ध्या वाटेतूनच परत आला. मग गाणे सुरू झाले. ते लांबत होते की नाही, हे सांगणे कठीण, कारण बायकोने खिडकी पूर्ण उघडली होती आणि आम्ही तिघे बाहेर वाकून ऐकत होतो.

आत्या दिवेलागणीला परतली. डोळे सुजले होते आणि चेहऱ्यावर हसू होते. म्हणजे पुराव्यातच विसंगती.

"कसं होतं?" आम्ही तिघांनी एकदमच विचारले.

"तुमचं ठरलं ना दुपारी?"

"ठरलं, पण..."

"मग झालं की." ती पलंगावर आडवी झाली, गुडघ्याखाली उशी घेतली आणि गुणगुणू लागली. आम्ही जवळ सरकलो, तशी थांबली.

"आत्या, निदान लोक कशाला हसले तेवढं तरी सांगा हो," बायको काकुळतीला आली.

"नको गं बाई. माझ्या डोळ्यांनी बघून बसलेय मी. माझं काय खरं धरायचं?"

परतीच्या संपूर्ण प्रवासात तिने आम्हाला ताकास तूर लागू दिली नाही. खिडकीशी बसून ती अधूनमधून एकटीच हसायची. मला तिचा राग आला. मग भलताच हेवा वाटला. पण हेवा ही मूल्यमापनात न बसणारी बाब आहे.

कार्यालयात मात्र मी सर्वांना सविस्तर माहिती दिली. पहिला अंक संथ, गाणी लांबलेली, छत संशयास्पद. माझ्या शब्दाबद्दल कुणी शंका घेतली नाही. दोघांनी तर दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्याच एका नाटकाची तिकिटे खबरदारी म्हणून रद्द केली.

आता ही हकीकत वाचून एखाद्या वाचकाच्या ओठांवर प्रश्न येईल, की ते सगळे खरे, पण साहेब, नाटक शेवटी होते कसे? त्या वाचकाला मी चांगला ओळखतो. ज्यांनी नाटक पाहिले त्या जोडप्याचे म्हणणे त्याने वाचले, आत्याचे सुजलेले डोळे पाहिले, लोकांचा हशा ऐकला. आणि एवढे होऊनही त्याला मलाच विचारावेसे वाटले. आमच्या खात्यात काही जागा रिकाम्या आहेत. त्याने अवश्य यावे.