मी मोनालीचा फोन हलका केला

बायकोच्या फोनला शिस्त लावायची, असा निर्णय मी २०१४ सालच्या एका रविवारी घेतला. (बायकोला शिस्त लावायचा निर्णय लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मागे घेतला होता.)

पनवेलच्या एका कचेरीत मी कारकून आहे. संध्याकाळी पाचला माझं टेबल लख्ख असतं. फायली कुठे जातात हे कुणी विचारू नये. टेबल साफ दिसलं की साहेब खूश असतात. हीच कार्यक्षमता मी फोनलाही लावली होती. बटण दाबायचं, उघडी राहिलेली अ‍ॅप्स रांगेने दिसतात, ती बोटाने एकेक करून उडवायची. दिवसातून चाळीस वेळा. त्याने मेमरी मोकळी राहते, हे मला ऑफिसातल्या ज्या तज्ज्ञाने सांगितलं त्याचा स्वतःचा फोन बटणांचा होता.

त्या रविवारी आम्ही सुकापूरहून गव्हाणला, माझ्या सासुरवाडीला गेलो होतो. धाकटी मेव्हणी प्राची हिची हळद पुढच्या शनिवारी होती. आमच्याकडे हळदीला धवला लागतो, म्हणजे लग्नविधीची गाणी. ती सगळी तोंडपाठ असलेली गावातली एकच बाई उरली आहे, मोनालीची भामाआत्या. पण आत्याचं सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, आणि डॉक्टरांनी पुढचे पंधरा दिवस धूर आणि गर्दी बंद सांगितलेली.

"आत्याच्या धवल्याशिवाय मी पाटावर बसनार नाय," प्राची रडवेली होऊन म्हणाली.

मग तोडगा निघाला. आत्याचा धवला मोनालीच्या फोनवर रेकॉर्ड करायचा आणि हळदीला स्पीकरवर लावायचा.

आत्याने डोळे मिटून सुरुवात केली. मोनालीने रेकॉर्डिंग चालू करून फोन स्टुलावर ठेवला. स्टुलाशेजारी मला बसवलं, ही तिची चूक. पाच मिनिटांत स्क्रीन काळी झाली. मी सहज हात लावला तर फोन कोमट. बटण दाबून पाहतो तो काय, आत सतरा अ‍ॅप्स उघडी! दोन पंचांगं, ब्लाउजच्या डिझाइन्स, भाज्या कापायचा गेम. असला पसारा मांडल्यावर फोनला ताप येणार नाही तर काय होणार? मी सटासट उडवत गेलो. शेवटचं माइकच्या चित्राचं होतं. तेही उडवलं. (भेदभाव माझ्या स्वभावातच नाही.)

आत्या पुढे तासभर गायली. संपलं तेव्हा घरातल्या बायका डोळे पुसत होत्या आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

मोनालीने फोन उचलला. "अहो, फाइल दिसत नाही."

"दिसेल. आता फोन हलका झालाय."

"हलका म्हणजे?"

"सगळं बंद केलं. सतरा अ‍ॅप्स मेमरी खात होती."

"रेकॉर्डरपण?"

"तो आतल्या आत चालूच असेल ना?"

प्राची वाशीला मोबाइलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला होती. माझ्यासारखी गिऱ्हाइकं ती रोज बघायची, पण त्यातलं एक घरात निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"भावोजी, बाकीची सोळा नुसती झोपलेली होती. ती कुनाचं काय खात नव्हती. जागा कमी पडली की फोन स्वतःच त्यातली जुनी बाहेर काढतो. तुमी हाकलता, मंग उघडताना त्याला सगलं पहिल्यापासून मांडायला लागतं. बॅटरी उलटी जास्त जाते. आणि खरंच काम करत होतं ते एकच. तेच तुमी मारलं."

"ऑफिसातपण यांचं असंच आहे," मोनाली म्हणाली.

प्राची ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याचा आवाज बसला होता, आणि उद्या सकाळी ऑपरेशन.

"काय झालं गो?" आत्याने विचारलं. तिला सांगितलं.

"म्हंजे फोनातलं गेलं. माझ्या डोक्यातलं हाय ना जागेवर? रडू नको. गरम पानी आन. आनि जावयांना भायेर बसवा."

मला ओटीवर बसवण्यात आलं. (खबरदारी म्हणून माझा फोनही काढून घेतला.) आत्याने घोगऱ्या आवाजात सगळा धवला पुन्हा म्हटला. धवल्यात नातलगांची नावं गुंफायची पद्धत आहे. या खेपेला माझी वर्णी लागली:

"जावय आला गो सुकापूरचा, बाय सुकापूरचा,
बोटानं पुसला धवला नवरीचा, बाय नवरीचा!"

शनिवारी मांडवात ते कडवं बायकांनी चार वेळा लावून घेतलं. चौथ्या वेळी मला मधोमध उभं करून नाचवलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, आणि तो उलव्यापासून उरणपर्यंत ज्याच्या त्याच्या फोनवर जाऊन बसला.

महिन्याभराने पनवेलच्या बाजारात मी मासळी घ्यायला गेलो. कोळीणबाईने मला निरखून पाहिलं.

"सुकापूरचे ना तुमी?"

माझी छाती जरा फुगली. "हो. ओळखलंत कसं?"

तिने आधी फळीवरचा स्वतःचा फोन उचलून कमरेला खोचला, वर पदर नीट घेतला, आणि पापलेट माझ्याकडे सरकवत म्हणाली, "हां, आता लावा बोट."