कोरडी जागा

भाऊनं खुर्चीतल्या खुर्चीत डोळे उघडले तेव्हा त्याच्या चपलेत एक कोंबडी बसली होती आणि बाहेर पाऊस पडतच होता. दोन्हींचं त्याला आता काही वाटेनासं झालं होतं.

ताई आणि भाऊ हे सख्खे बहीणभाऊ, दोघंही पन्नाशीच्या पुढचे. थोडे भाजीचे वाफे आणि कोंबड्यांची शेड, एवढाच त्यांचा संसार. कष्ट निम्मेनिम्मे वाटलेले होते. हुकूम मात्र सगळे ताईच्या वाट्याला आले होते.

यंदा पावसानं उसंत अशी दिलीच नाही. आधी शेडचं छत गळायला लागलं. खालचा भुसा भिजून लगदा झाला आणि कोंबड्या शिंकायला लागल्या. "ओलीत राहिल्या तर हाती काही लागणार नाही," एवढं सांगून जनावरांचा डॉक्टर छत्री सावरत निघून गेला. त्याची पाठ वळताच ताई म्हणाली, "आण घरात."

कोंबड्या बाहेरच्या खोलीत आल्या. तिथं कोबीच्या रोपांचे ट्रे होते. भाऊ दार लावून वळेपर्यंत निम्मी कोबी फस्त झाली होती. उरलेल्या रोपांना उजेड हवा, आणि उजेड काय तो भाऊच्या खिडकीशी. म्हणून ट्रे भाऊच्या पलंगावर गेले आणि भाऊ खुर्चीवर आला.

"मी झोपू कुठं?"

"बसल्याबसल्या झोप. कोंबड्या नाही का झोपत?"

शेड कोरडी झाल्याशिवाय आपला पलंग सुटणार नाही, हे भाऊनं ओळखलं. आज सकाळीच तो ताडपत्री आणायला गेला. दुकानात तुकडाही शिल्लक नव्हता. सगळं गावच गळत होतं. परत येताना त्याची नजर घराच्या कौलांवर गेली. तिथं एक दणदणीत ताडपत्री अंथरलेली होती. भाऊनं ती काढली, शेडवर ताणून बांधली, आत कोरडा भुसा पसरला, कडेला भुशाची पोती रचली. थेंब म्हणून आत येईना. त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं. ते घरात पाऊल टाकेपर्यंत टिकलं.

ताई जमिनीवर पातेली मांडत होती.

"काय केलंस तू?"

"शेडवर ताडपत्री घातली."

"कुठली?"

भाऊनं वर बघितलं. उत्तर त्याच्या कपाळावरच पडलं.

"कोंबड्या तरी ने आता," ताई म्हणाली. पण कोंबड्या केव्हाच कपाटावर चढल्या होत्या आणि या पावसात बाहेर पडायला त्यांची तयारी नव्हती. भाऊ स्टुलावर उभा राहून एकीची मनधरणी करत असतानाच दारात हाक आली.

हॉटेलवाला! सगळी अंडी नि भाजी वर्षभर घ्यायची की नाही, हे तो ठरवणार होता. स्वच्छतेचा भारी कडक माणूस. शेड स्वतः बघितल्याशिवाय अंड्याला हात लावत नसे. तो पुढच्या आठवड्यात येणार होता. आजच उगवला.

ताई दारात अशी उभी राहिली की मागचं काही दिसू नये. "घरात काय बघायचंय? शेड बघा ना."

हॉटेलवाल्यानं शेड बघितली. भुसा सोन्यासारखा पिवळा. घाण नाही, वास नाही.

"कोंबड्या कुठायत?"

ताईला खोटं बोलवेना. "घरात."

"आणि तुम्ही?"

"आम्हीही घरातच. सांभाळून घेतो एकमेकांना."

हॉटेलवाल्यानं मान हलवली आणि तो एका पोत्यावर टेकला. 'गेलं गिऱ्हाईक,' असं मनाशी म्हणत भाऊ चहा करायला पळाला. परत आला तर हॉटेलवाला पोत्यांवर आडवा होऊन घोरत होता.

"उठवू?"

"हात तर लावून बघ!"

चहा गार झाला. भाऊनं दुसरा केला, तोही गार झाला. शेवटी ते दोन्ही चहा भावाबहिणींनीच पिऊन टाकले, दारातल्या पागोळ्यांखाली उभं राहून.

दिवस कलताना हॉटेलवाला दचकून उठला. त्याच्या अंगभर भुसा होता आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखी टवटवी.

"माफ करा," तो ओशाळून म्हणाला. "माझंही हॉटेल गळतंय हो. किती दिवस झाले, बादल्या उपसतोय. डोळ्याला डोळा नाही." त्यानं डोळे भरून छताकडे बघितलं. "अंडी, भाजी, सगळं घेतो. माल न्यायला मी स्वतः येत जाईन. दुपारचा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त पावसाळाभर कोंबड्या तेवढ्या इथं नका आणू."

"छे छे," ताई म्हणाली. "रुळल्यात त्या घरात."

भाऊ त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला. परतताना चिखलातही त्याचे पाय हलके पडत होते. माणूस फक्त दुपारी येणार. म्हणजे रात्रभर जागा मोकळी! आपली उशी काखोटीला मारून तो शेडमध्ये शिरला.

पोत्यांवर ताई डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन पडली होती.

"दुपार त्यांची, रात्र माझी," आतून आवाज आला. "जाताना दार ओढून घे. कोंबड्या शिरतील."