दुलीचंद सरांचा स्नॅच

भूमेश्वरीच्या पत्राला दुलीचंद सरांनी दीड महिना उत्तर दिलं नव्हतं!

चूक त्यांचीच. मुर्री गावच्या या निवृत्त शालेय ग्रंथपालाने जन्मात पुस्तकांच्या गठ्ठ्यापेक्षा जड काही उचललं नव्हतं. पण तीन पुस्तकं वाचून एका साप्ताहिकात लेख ठोकून दिला, 'नवशिक्यालाही सहा दिवसांत शास्त्रशुद्ध वेटलिफ्टिंग!' तो नेमका त्यांच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनीने, भूमेश्वरीने वाचला. ती आता नवेगाव बांधकडे खेळशिक्षिका होती. तिने लिहिलं, 'मुलींत ताकद आहे, पद्धत नाही. शाळेने वजनं मागवलीत, जिल्हा स्पर्धा जवळ आली. शिकवाल का?'

'नाही' लिहावं तर लेख खोटा; 'हो' लिहावं तर सर खोटे! पत्र उशीखाली गेलं.

आणि रविवारी शाळेतल्या मंजू, रविता या दोन मुलींसह भूमेश्वरीच दारात! "उत्तर नाही आलं, म्हटलं सर तयारीत असतील!"

"तयारीत?" सरांच्या पत्नी कुंताबाई आतून म्हणाल्या. "काल पाण्याची बादली मीच उचलली जी!"

गावाबाहेरच्या पडीत जागेवर वर्ग भरला. वजनाऐवजी कपडे वाळवायचा बांबू. सर पाठ केलेलं घडाघडा बोलू लागले, "एका दमात डोक्यावर, याला म्हणतात स्नॅच! पाठ सरळ! नजर समोर! जोर पायांचा!" मंजूने बांबू एका दमात डोक्यावर नेला. अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा!

"शाब्बास! आता टाक खाली."

मंजू हलेना. "टाकू कशी जी? भारा टाकला का धान झडते ना!"

"हा बांबू आहे, पोरी! पंचांनी खूण केली की टाकायचं!"

"आमच्याकडे भारा एकदा उचलला का घरीच ठेवतेत," रविताने समजावलं. मंजूने बांबू अलगद झाडाला टेकवला.

"थांबा, मीच दाखवतो!" सरांच्या अंगात तिन्ही पुस्तकं संचारली. बांबू वर नेत ते झपकन खाली बसले. बसले ते बसलेच! गुडघ्यांनी जागीच कुलूप लावलं.

"सर, कायले बसून राहिले जी?" मंजूने विचारलं.

"ही... ही खालची स्थिती. नीट बघून घ्या."

मुलींनी पाच मिनिटं नीट बघून घेतली. मग सरांच्या कपाळावरचा घाम पाहून भूमेश्वरी ओरडली, "अगं, उचला त्यांना!"

पाठ सरळ, नजर समोर, जोर पायांचा! पुढच्या क्षणी सर दोघींच्या खांद्यांवर, हातात बांबू तसाच.

"ठेवा मला! इथंच ठेवा!"

"घर येऊ द्या जी! भारा वाटेत नाही ठेवत!"

वरात भर चौकातून निघाली. पानठेल्यावरून बिसराम ओरडला, "काऊन गा, यंदा विसर्जन लवकर काढलं का?"

सरांनी डोळे मिटून घेतले.

ओसरीतल्या खाटेवर त्यांना अंड्यासारखं अलगद ठेवण्यात आलं. कुंताबाई तेलाची वाटी घेऊनच उभ्या होत्या.

भूमेश्वरी हसू दाबत म्हणाली, "पद्धत तर शिकल्या पोरी! पण सर, मुख्याध्यापकांना तुमचा होकार लेखी लागते. एवढं कळवा."

सरांनी रात्रभर गुडघे शेकले आणि सोमवारी लंगडत जाऊन उत्तर टपालपेटीत टाकलं:

'शिकवणं माझ्याच्याने होणार नाही. तिन्ही पुस्तकं पाठवतो. शाळेची वजनं अजून आली नसतील, तर सरावापुरता मीही येईन. मी बावन्न किलो भरतो. फक्त खाली टाकायचा सराव दुसऱ्या कशावर तरी करावा.'