येतोचरावांचा सोफा

नवऱ्याने तीन महिने सोफ्यावर झोपावं ही कल्पना तिची होती, आणि त्या सोफ्याची स्प्रिंग दोन वर्षं मोडकीच ठेवावी ही कल्पना त्याची. दोन्ही कल्पना एकाच वेळी अमलात आल्या, तिथेच सगळं बिनसलं.

नवरा सोफे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कारागीर. जगाच्या सोफ्यांना नवं आयुष्य द्यायचा. घरचा सोफा मात्र कायम "या रविवारी करतोच" या अवस्थेत. जेवायला हाक मारली की "येतोच". कुठे आहेस विचारलं की "पोचतोच". स्वतःच्या लग्नातसुद्धा तो पोचला तेव्हा पहिली पंगत उठली होती. कारखान्यात त्याला येतोचराव म्हणत. बायको चिडली की तीही तेच म्हणे, आणि ती चिडलेली नाही असा दिवस विरळाच, त्यामुळे नाव पक्कं झालं.

ती एका लिफ्ट कंपनीच्या तक्रार कक्षात नुकतीच लागली होती. लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घ्यायचे आणि शांत आवाजात सांगायचं, "घाबरू नका, श्वास घ्या, माणूस निघालाय." माणूस बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावर चहा पीत असे. जगाला असा धीर देणारी ही बाई स्वतः इतकी घाबरट, की औषधाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरंही दोनदा वाचायची. येतोचराव तिला "काळजीवाहू सरकार" म्हणत.

नोकरी लागली त्याच संध्याकाळी काळजीवाहू सरकारने निवेदन केलं.

"बाळंतपणाची सहा महिने पगारी रजा मिळते. पण बाळ जन्मेल त्या दिवशी नोकरीला वर्ष झालेलं पाहिजे. एक दिवस कमी पडला तरी बिनपगारी."

"बरं मग?"

"बरं मग काय? गणित कर. पहिले तीन महिने काही होता कामा नये. बिनपगारी घरी बसले तर भाडं कोण भरणार? म्हणजे बाळाला पंधराव्या दिवशी कुणाकडे तरी टाकायचं आणि मी कानाला फोन लावून परक्या लोकांना म्हणायचं, श्वास घ्या." सहा महिने बाळ मांडीवर घेऊन बसायचं, एवढंच तिचं मागणं होतं. बाकी आयुष्यात तिने नुसता मनस्ताप मागितला होता आणि तो वेळच्या वेळी मिळत होता.

"अगं, त्यावर उपाय असतात की! दुकानात मिळतात."

"पाकिटावर अठ्ठ्याण्णव टक्के लिहिलंय. गोळ्यांनी माझं डोकं उठतं."

"अठ्ठ्याण्णव म्हणजे डिस्टिंक्शन झालं!"

"आणि उरलेल्या दोन टक्क्यांत कोण? आपणच. लॉटरी सोडून सगळीकडे आपला नंबर लागतो. तू सोफ्यावर झोप."

येतोचराव उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. स्प्रिंग त्यांची वाटच पाहत होती.

अडीच महिने कसेबसे निघाले. मग एका सकाळी येतोचराव उठले, पण काटकोनात. कंबर सरळ होईना. तशाच अवस्थेत, जमिनीकडे बघत, ते म्हणाले, "आईला बोलाव. तेल घेऊन यायला सांग."

सासूबाई तेल घेऊन आल्या. त्यांनी आधी मुलाची कंबर पाहिली, मग सोफ्यावरची उशी, मग सुनेचा चेहरा.

"भांडलात?"

"नाही हो आई. त्यांना आत उकडतं."

"स्वेटर घालून?"

"मी घोरतो," काटकोनातून आवाज आला.

"तुझे वडील घोरायचे. चौतीस वर्षं मी बाजूलाच झोपले. सोफ्यावर पाठवलं नाही."

खरं सांगायची सोय नव्हती. लिफ्ट कंपनीतली मोठी साहेबीण सासूबाईंची जुनी मैत्रीण, आणि सासूबाईंच्या तोंडी तीळ भिजत नसे. नवी मुलगी कामाला लागली ती रजेवर डोळा ठेवूनच, हे साहेबिणीच्या कानावर जायला एक फोन पुरला असता. दोघं गप्प बसली. आणि नवरा-बायको एकाच वेळी गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर, असं सासूबाईंच्या अनुभवानं ठरवलं.

त्यांनी तडक विहिणीला फोन लावला. लग्नापासून या दोघींचं कशावर म्हणून एकमत झालं नव्हतं. लग्नाच्या तारखेवरून धरलेला अबोला अजून अधूनमधून चालू असे. पण संध्याकाळी दोघी सोफ्यावर, स्प्रिंग टाळून, खांद्याला खांदा लावून बसल्या.

"चूक माझ्याच मुलीची असणार. राग नाकावर असतो तिच्या," तिची आई म्हणाली.

"छे हो, आमचंच ध्यान काही कमी नाही," सासूबाई म्हणाल्या.

आपल्याच पोरांना नावं ठेवण्यात दोघींना इतकी गोडी लागली, की तासाभरात त्या एकमेकींना 'अगं' म्हणू लागल्या. निकाल लागला: पोरांना हवापालट हवा. तळ्याकाठच्या विश्रामगृहात तीन दिवस. पैसे भरले होते आणि ते परत मिळत नव्हते.

"पुढच्या आठवड्यात जाऊ ना," ती घाईनं म्हणाली. तीन महिने पुरे व्हायला आठच दिवस उरले होते.

"का? पुढच्या आठवड्यात असं काय आहे?" दोघी आया एका सुरात.

"काही नाही."

"मग बॅग भर."

विश्रामगृहाच्या खोलीत सोफा नव्हता. पलंग एकच, आणि वेताची एक खुर्ची. ती मनात म्हणाली, ह्याची कंबर आहे तशी आहे; घाबरायचं कारण नाही. आणि नेमकी दुसऱ्या दिवशी, तळ्याच्या हवेनं म्हणा की सासूबाईंच्या तेलानं म्हणा, कंबर खडखडीत बरी झाली. येतोचरावांच्या आयुष्यात वेळेआधी झालेली ही पहिली गोष्ट. त्या आनंदात दुसरीही झाली. पाकीट सोबत होतं. त्यावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं, दोन टक्क्यांसकट.

डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली. नोकरीला वर्ष व्हायच्या बरोबर आठ दिवस आधीची. ती ऐकून आधी आनंदानं रडली, मग हिशेबानं रडली.

"आठ दिवस लवकर?" येतोचराव छाती फुगवून म्हणाले. "माझ्याकडून?"

"हस. तूच हस."

आता आयांना सांगणं भागच होतं.

"अगं, मग आधीच बोलायचं नाही का?" सासूबाई म्हणाल्या. "मी काय कुणाला सांगत फिरले असते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्ट कंपनीच्या साहेबिणीनं तिला केबिनमध्ये बोलावलं. "नियम म्हणजे नियम, तो मला वाकवता येणार नाही. पण बाळाला म्हणावं, घाई कसली आहे?"

तेव्हापासून घराचं कामकाज उलटं सुरू झालं. दोन वर्षं "नातवंड कधी?" म्हणून मागे लागलेल्या सासूबाई आता तिच्या पोटाशी वाकून "थांब रे राजा, बस निवांत" म्हणू लागल्या. जिने बंद. रिक्षा बंद. तिची आई विनोद सांगायला लागली की सासूबाई तिला गप्प करत, "हसवू नकोस गं तिला!" डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या सांगण्यावर बाळं येत नाहीत आणि थांबतही नाहीत. तब्येत उत्तम आहे, आठ-दहा दिवस वाट बघू."

तारीख आली. गेली. ती तक्रार कक्षात कानाला फोन लावून बसली होती. दिवसभर काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बाळानं एक लाथ मारली आणि घरभर धावपळ उडाली. पुन्हा सामसूम.

"काय म्हणतंय?" येतोचरावांनी विचारलं.

तिनं पोटावर हात ठेवला. "काय म्हणणार? येतोच म्हणतंय."

नोकरीला वर्ष झालं त्या दिवशी कक्षातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. पेढ्यांच्या नावानं बिस्किटं वाटून झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका अडकलेल्या गृहस्थांना "घाबरू नका, माणूस निघालाय" सांगता सांगता ती टेबलाला धरून उभी राहिली. या वेळी माणूस खरंच निघाला होता.

येतोचरावांना फोन गेला. "पोचतोच," ते म्हणाले. ते पोचले तेव्हा मुलगी जन्मून अर्धा तास झाला होता.

"अरे, नऊ दिवस उशिरा आलेली पोर तुझ्या आधी पोचली," सासूबाई म्हणाल्या. विहिणीनं ताबडतोब दुजोरा दिला.

येतोचराव मान खाली घालून बायकोच्या बोलण्याची वाट बघत उभे राहिले. ती पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. नाक बापाचं होतं. बाकीही सगळं बापाचंच असावं.

पगारी रजेच्या पहिल्या आठवड्यात ती मुलीला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली होती. स्प्रिंग टोचली. तिनं "स्स" केलं तसे येतोचराव दचकून उठले.

"या रविवारी करतोच. नक्की."

ती जराशी बाजूला सरकली आणि मुलीचं पांघरूण सारखं केलं.

"कर रे सावकाश," ती म्हणाली. "कुणी म्हटलं घाई आहे?"