सुभेदारनानांची मलागुझिया

ये गं, अशी जवळ बस. गाव सोडून चाललीस, आणि दारात उभं राहून "निघते हं मावशी" म्हणायला येतेस होय? घोटभर चहा घे, तोवर तुला आमच्या शेजारच्या सुभेदारनानांचं सांगते.

जयपूरचं ऊन तुला ठाऊक आहे. त्या ऐन जेठातल्या उन्हात नाना छत्री धरून उभे राहायचे. छत्री कुणावर? द्राक्षाच्या वेलावर! स्वतःचं टक्कल तापून तांब्यासारखं. दूधवाला हसायचा, "सूबेदारसाब, इसको पंखा भी लगवा दो!" नाना म्हणायचे, "मेहमान है भैया, दूर से आई है."

पाहुणी ग्रीसची, मलागुझिया नावाच्या जातीची. दुसऱ्या महायुद्धात नाना तिकडे होते. निघताना एका म्हातारीनं काडी दिली, ती बटाट्यात खोचून, ओल्या मोज्यात गुंडाळून नानांनी बोटीनं आणली! तिकडे तिची पांढरी दारू करतात म्हणे. आम्हाला आपला वास पुरे. मोगऱ्याशेजारी संत्र्याची साल सोलावी ना, तसा.

घड यायचे चार-दोन. घरोघरी माणशी एकच मणी. "आधी वास, मग घास!" म्हणत नाना खाणाऱ्याच्या नाकाकडे टक लावून बघायचे. आमच्या ह्यांनी एकदा मणी थेट तोंडात टाकला. पुढच्या वर्षी ह्यांना नाही मिळाला!

मग बासष्टची लढाई झाली. नानांचा एकुलता एक श्रीधर बर्फातून परत आलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात छत्री खुंटीलाच. पानं करपायला लागली. मला बघवेना, मी माझी छत्री घेऊन वेलापाशी उभी राहिले.

नाना बाहेर आले. "वहिनी, उन्हात काय करताय?"

"पाहुणी आहे ना तुमची."

त्यांनी एक करपलेलं पान खुडलं. मग म्हणाले, "त्या म्हातारीचा मुलगा लढाईत मारला गेला होता. वेल त्यानं लावलेला. मला वाटायचं, कौतुकानं दिली काडी. एकाच घरात ठेवला तर संपेल, अशी भीती वाटली असणार हो तिला."

आणि माझ्या हातातली छत्री घेतली.

त्या थंडीत नानांनी ओळखीच्या प्रत्येक घरी एकेक काडी नेऊन दिली. गेल्या वर्षी नाना गेले, पाठोपाठ त्यांचा वेलही वाळला. आमचा मागच्या नळापाशी आहे.

थंडीत छाटणार आहे मी. तेव्हा ये, लांबवू नकोस. आणि येताना एक चांगला बटाटा आण.